गुन्हा घडून गेल्यावर पीडिताच्या बाजूला कोण उभं राहतं?

रानजाई

खून, दरोडा, अत्याचाराची बातमी आली की आपल्याकडे चर्चा आरोपीची होते. कोण होता, कुठला होता, जामीन मिळाला का, फाशी कधी. ज्याच्यावर ते गुदरलं त्या माणसाचं आणि त्याच्या घराचं पुढे काय झालं, हे आठवड्याभरात कुणी विचारेनासं होतं. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात अशा कुटुंबांबरोबर पोलीस ठाण्यात, सिव्हिलमध्ये आणि कोर्टात जाण्याचं काम करते. एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात) व्हिक्टिमॉलॉजी हा विषय होता, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा अभ्यास. त्यावर मराठीत बोलणं फारच कमी होतं, म्हणून हा धागा.

एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बांधाच्या वादात भावकीतल्याच दोघांनी नवऱ्याच्या डोक्यात दांडकं घातलं, तो गेला. बाई पस्तिशीच्या, मुलगा बारावीला. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर सत्र न्यायालयात गेले तेव्हा समन्सवर अकराची वेळ होती. व्हरांड्यात एकच लांब बाकडं. त्याच्या एका टोकाला या, दुसऱ्या टोकाला आरोपीची आई आणि भाऊ. मध्ये कुणाची तरी जेवणाची पिशवी. पाणी प्यायला उठायचं तर त्यांच्यासमोरून जावं लागणार म्हणून बाईंनी दुपारपर्यंत पाणी घेतलं नाही. अडीचच्या सुमारास पुकारा झाला. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात होते, पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ताई, माजं काय चुकलं का आत?"

त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असा चालतो आणि त्यात आपण फक्त एक साक्षीदार आहोत, हेही नाही. नवऱ्याची मोटरसायकल घटनेच्या दिवशी जप्त झाली होती, ती पोलीस ठाण्याच्या आवारात चाकं बसलेल्या अवस्थेत उभी होती. ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळते, त्यासाठी कोर्टात साधा अर्ज लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलगा रोज चार किलोमीटर चालत एसटी गाठत होता. साक्षीला आल्याचा भत्ता कोर्टाच्या नाझर कार्यालयातून मिळू शकतो, हेही माहीत नव्हतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नुकसानभरपाईचा अर्ज निकालाआधीच करता येतो, हे गावातल्या एकाही शहाण्या माणसाने त्यांना सांगितलं नव्हतं.

इतक्या घरांत वावरल्यावर माझं मत ठाम झालंय. पीडिताला लागणारी पहिली मदत म्हणजे माहिती आणि सोबत. पैसा लागतोच, शिक्षाही व्हायला हवी. पण दोन्ही गोष्टी खूप उशिरा येतात आणि तोवर माणूस आपल्याच प्रकरणात परका होऊन बसतो.

तुमच्या घरात, ओळखीत असं काही घडलं असेल तर लोकांच्या कुठल्या वागण्याचा आधार वाटला आणि कशाचा त्रास झाला, ते लिहाल का? नावं, गावं टाळा.

तळेगावकर

महत्त्वाचा धागा. खुनाच्या मानाने आमचं काहीच नाही, तरी लिहितो. लग्नाला गेलो असताना घरफोडी झाली. कपाट उचकटलेलं, आईच्या पाटल्या-बांगड्या गेल्या. श्वानपथक आलं, ठसे घेतले, पंचनामा झाला. त्या दिवशी सोसायटीतले पन्नास जण येऊन गेले आणि त्यातल्या निम्म्यांचं पहिलं वाक्य होतं, "एवढं सोनं घरात ठेवतात का?" बायको मान खाली घालून चहा करत होती. आजही ती घरात एकटी असली की बेडरूमचं दार आतून लावते. सोन्याचं दुःख आईने केव्हाच सोडलं. परका माणूस आपल्या साड्यांना हात लावून गेला, हे बायकोच्या मनातून जात नाही.

परवा पोलीस ठाण्यातून फोन आला की तुमच्या केसला 'अ' समरी पाठवतोय. म्हणजे काय? फाइल बंद?

पूर्वा_नागपूर

तळेगावकर, 'आमचं काहीच नाही' असं म्हणू नका. घरफोडीनंतर झोप उडणं, सारखी दारं तपासणं हे खूप जणांना होतं आणि त्याचा ऐवजाच्या किमतीशी फारसा संबंध नसतो. वहिनींना महिनोन्महिने त्रास होत असेल तर समुपदेशकाकडे जरूर जा.

खाकीतून_निवृत्त

तळेगावकर साहेब, समरी म्हणजे तपास बंद करण्यासाठी पोलिसांनी कोर्टात पाठवलेला अहवाल. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी निष्पन्न झाला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी. 'क' म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही; गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. तुमची 'अ' आहे, म्हणजे तुमच्यावर कसलाही ठपका नाही. पुढे धागादोरा मिळाला तर तपास पुन्हा उघडतो. कित्येकदा दुसऱ्या जिल्ह्यात टोळी सापडते आणि तिच्याकडून आपल्याकडचे जुने गुन्हे उघड होतात. समरी मंजूर करण्याआधी न्यायाधीशांनी मूळ फिर्यादीला नोटीस द्यायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय. तेव्हा नोटीस आली की कोर्टात जा. तपासात काही राहिलंय असं वाटत असेल, समजा एखाद्या कॅमेऱ्याचं फुटेज घेतलंच नाही, तर ते तिथे लेखी मांडा.

१ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मोबाईलवर कळवलं तरी चालतं. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. एफआयआरची प्रतही फुकट मिळते.

आता आमच्या बाजूने थोडं. पोलीस ठाण्यात पीडिताशी बोलणं हे कुणाचंच ठरलेलं काम नसतं. तपासी अंमलदाराकडे एका वेळी ढीगभर गुन्हे, वर गणपती बंदोबस्त, व्हीआयपी बंदोबस्त, निवडणूक. त्यात बदली झाली की नवा अधिकारी कागद वाचून सुरुवात करतो आणि फिर्यादीला पुन्हा तेच विचारतो. त्याला ते काम असतं, समोरच्याला मात्र पुन्हा तो दिवस जगावा लागतो. हे मी नोकरीभर पाहिलं.

मृत्यूचा निरोप द्यायला मी कधीच फोन केला नाही. गावात पोलीस पाटलाला बरोबर घ्यायचो, शहरात शेजारच्या घरी आधी जायचो. घरात म्हातारं माणूस एकटं आहे का, कुणाला हार्टचा त्रास आहे का, हे विचारून मग दार वाजवायचो. टोपी काढून आत बसायचो. "गंभीर आहे, दवाखान्यात चला" असं खोटं सांगून घरच्यांना थेट शवागारासमोर उभं करण्याची एक पद्धत आहे. ती फार वाईट. माणूस वाटभर देवाचा धावा करत येतो आणि तिथे पोहोचल्यावर त्याला कळतं की सगळ्यांना आधीच माहीत होतं.

मोगरा_२२

खाकीतून_निवृत्त काका, शेवटचा परिच्छेद वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मामाच्या वेळी हेच झालं होतं. बाकी लिहवत नाही.

सह्यकडा

विषय चांगला आहे. पण एक बाजू राहतेय. काळजी घ्यायला सांगणं म्हणजे दोष देणं नव्हे. सोनं लॉकरमध्ये ठेवा, अनोळखी लिंक दाबू नका, रात्री-अपरात्री निर्जन रस्त्याने जाऊ नका, हे घरातली मोठी माणसं मायेनेच सांगतात. डिजिटल अरेस्टमध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून केलेल्या फसवणुकीत, उच्चशिक्षित लोक लाखो रुपये घालवतात. अशा वेळी "तुम्ही विचार कसा केला नाही?" असं विचारलं तर त्यात गैर काय? पीडिताच्या वागण्याचा गुन्ह्याशी काहीच संबंध नसतो असं म्हणणंही अशास्त्रीय आहे.

पूर्वा_नागपूर

सह्यकडा, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सविस्तर उत्तर देते. मी मानसशास्त्र शिकवते.

गंमत नाही, पण या अभ्यासशाखेची सुरुवात तुम्ही मांडताय त्याच प्रश्नापासून झाली. बेंजामिन मेंडेलसोन हे रुमानियातले वकील. त्यांनी पीडितांचे प्रकार पाडले ते 'पूर्ण निर्दोष' पासून 'सर्वाधिक दोषी' पर्यंत. हान्स फॉन हेंटिग यांनी १९४८ मध्ये गुन्हेगार आणि बळी यांच्या नात्यावर लिहिलं, त्यातही रोख हाच की बळी स्वतः गुन्ह्याला किती हातभार लावतो. पुढे १९७१ मध्ये मेनाकेम आमीर यांनी फिलाडेल्फियातल्या पोलिसांच्या कागदपत्रांवरून ठरवलं की बलात्काराच्या १९ टक्के घटनांना स्त्रीचं वागणं कारणीभूत होतं. त्यात काय काय मोजलं होतं? ती दारू प्यायली होती का, तिची 'ख्याती' कशी होती. म्हणजे पोलिसांनी तिच्याबद्दल जे लिहून ठेवलं तेच पुरावा म्हणून परत आलं. यावर कडाडून टीका झाली आणि अभ्यासाची दिशा बदलली. 'याने काय केलं' ऐवजी 'याच्यावर काय परिणाम झाला आणि याला काय लागतं' हे विचारलं जाऊ लागलं. १९७९ मध्ये जर्मनीत म्युन्स्टरला जागतिक संघटना उभी राहिली, आणि २९ नोव्हेंबर १९८५ ला संयुक्त राष्ट्रांनी पीडितांच्या न्यायाची मूलतत्त्वं जाहीर केली.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, ते मथुरा प्रकरण. सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवून पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, हे कारण देऊन. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ ला कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात 'संमती नव्हती' असं ती म्हणाली की न्यायालयाने ते आधी धरून चालायचं, आणि पीडितेची ओळख छापायला बंदी. आज आपण नाव न छापणं गृहीत धरतो, त्याची किंमत त्या मुलीने मोजली आहे.

आता 'मायेने विचारतो' याबद्दल. १९६६ मध्ये मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एक प्रयोग केला. एका मुलीला चुकलेल्या उत्तराला विजेचे झटके बसताहेत असं प्रेक्षकांना दाखवलं. तो अभिनय होता, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिचा त्रास थांबवता येत नव्हता, त्यांनी तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायाने चालतं यावर आपला विश्वास असतो. निरपराध माणसाला मार बसताना दिसला की तो विश्वास हलतो, आणि मग त्याने काहीतरी केलंच असणार असं म्हणून आपण स्वतःला सुरक्षित करून घेतो. "एवढं सोनं घरात ठेवतात का?" याचा खरा अर्थ "मी ठेवत नाही, म्हणून माझ्याकडे चोरी होणार नाही" असा असतो. बोलणाऱ्याला धीर मिळतो. ऐकणाऱ्याचा जातो.

कवठीचाफा_पुणे

पूर्वा, हे सगळं आमच्या घरात घडलं. बाबांना (वय ७४) डिजिटल अरेस्टमध्ये अडकवलं होतं. व्हिडिओ कॉलवर खाकी वेशातला माणूस, मागे शासकीय मुद्रा, 'तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, कुणाशी बोललात तर मुलालाही उचलू'. रात्रभर कॅमेरा चालू ठेवायला लावला. बाबा बाथरूमला जायचं तरी परवानगी मागत होते. मोडलेली एफडी त्या खात्यात गेली.

त्यांनी आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं. का? कारण काही महिन्यांपूर्वी त्यांच्या कट्ट्यावरच्या एका मित्राला असंच फसवलं होतं आणि सगळ्यांनी मिळून त्याला इतकं बोलून घेतलं होतं की तो यायचा बंद झाला. बाबांना ते समोर दिसत होतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन गेला तर पुढच्या खात्यांत गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. तिसऱ्या दिवशी पैसे कितीतरी खात्यांतून फिरून गेले होते. थोडीच रक्कम अडवली गेली.

सह्यकडा, म्हणून सांगते, 'तुम्ही विचार कसा केला नाही' हा प्रश्न चोराच्या फायद्याचा आहे. त्या भीतीने माणूस गप्प बसतो आणि चोराला वेळ मिळतो.

बाबांना आधार कुणी दिला तर बँकेतल्या एका मुलीने. तक्रारीचा फॉर्म भरताना ती म्हणाली, "काका, तुम्हाला फसवणारे दिवसभर हेच काम करतात. तुम्ही पहिल्यांदा ऐकत होतात." बाबा ते वाक्य अजून सांगतात.

सह्यकडा

कवठीचाफा, बाबांना नमस्कार सांगा. तक्रारीला उशीर होण्याचा मुद्दा मला पटला. घडून गेल्यावर हे बोलणं नुकसान करतं. पण घडण्याआधी सावध करणं चालूच राहिलं पाहिजे, यावर मी ठाम आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मी सायबर फसवणुकीचे इशारे टाकतो, ते टाकत राहीन. त्यात एक ओळ वाढवतो: फसलात तर लगेच १९३०, आणि कुणीही कुणाला काही विचारायचं नाही.

रानजाई

सह्यकडा, ती ओळ फार मोलाची आहे. नक्की टाका.

कोर्टाचीपायरी

उशिरा आलो. मराठवाड्यात फौजदारी वकिली करतो, बऱ्याचदा मूळ फिर्यादीच्या बाजूने. रानजाईताईंनी भरपाईचा उल्लेख केलाय, तो जरा उलगडतो, कारण वकिलांमध्येही याबाबत अज्ञान आहे.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७अ आलं, ते आता नव्या संहितेत ३९६ आहे. प्रत्येक राज्याने पीडित भरपाई योजना करायची. महाराष्ट्राची योजना २०१४ ची. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, तो जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची आहे. आरोपी सापडला नाही, ओळखू आला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडित अर्ज करू शकतो. जखमी माणसाच्या तातडीच्या उपचारासाठी ठाणे अंमलदाराच्या दाखल्यावर प्राधिकरण अंतरिम मदतही देऊ शकतं. चोरीला गेलेल्या ऐवजाची भरपाई मात्र यात नाही, तळेगावकरांनी त्याची आशा ठेवू नये.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यासाठी आपल्याकडे मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. सुरुवातीला दोन-तीन लाख होते, नंतर मर्यादा दहा लाखांपर्यंत गेली. अशा रुग्णाला खाजगी हॉस्पिटलनेही मोफत आणि तत्काळ उपचार द्यायचे आहेत, नाकारले तर एक वर्षापर्यंत कैद. "आधी पोलिसांचं पत्र आणा" म्हणणाऱ्या हॉस्पिटलला हे ठणकावून सांगा.

अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा २०१३ चा निकाल आमच्या कामात रोज लागतो. शेतात राखणीला गेलेला माणूस, कुत्रं भुंकलं म्हणून वाटेने जाणाऱ्यांशी वाद, त्यात डोक्यात लोखंडी पाइप बसून तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावलं की शिक्षा देताना भरपाईचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, आणि विचार केल्याचं निकालपत्रात दिसलं पाहिजे. तरी आज अनेक निकालपत्रांत त्या विषयावर एक ओळ नसते. सरकारी वकिलाने मागायला हवं. त्यांनी नाही मागितलं तर फिर्यादीच्या वकिलाने लेखी द्यावं. पीडिताला सरकारी वकिलाला साहाय्य करायला स्वतःचा वकील देता येतो. आरोपी सुटला तर पीडित स्वतः अपील करू शकतो, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात स्पष्ट झालंय. जामिनाच्या वेळी पीडिताचं म्हणणं ऐकण्याचा हक्क २०२२ च्या लखीमपूर खेरी प्रकरणात मान्य झाला.

कागदावर हे सगळं झकास आहे. माझी खरी लढाई फितुरीशी असते. शहरातल्या लोकांना वाटतं साक्षीदार पैसे खाऊन फिरतात. काही फिरतात. पण खेड्यात बऱ्याचदा वेगळंच होतं. साक्ष दिली की आरोपीच्या शेतातून जाणारी वाट बंद. विहिरीची पाळी चुकवली जाते. मजुरीला कुणी बोलवत नाही. दलित कुटुंब असेल तर किराणा दुकानदारही सामान देत नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं १५अ कलम आलं: संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन, प्रत्येक सुनावणीची आगाऊ सूचना. मी दर प्रकरणात तो अर्ज देतो. संरक्षण म्हणून एक हवालदार येतो, आठ दिवस बसतो, जातो. वाट बंदच राहते. जे गाव बहिष्काराला गप्प राहून साथ देतं, तिथे कायद्याचं कलम एकट्याने काय करणार? हे मी वीस जणांच्या सभेतही बोलतो, इथेही लिहितो.

दिलासेकरीण

मी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात समुपदेशक होते. 'दिलासा' केंद्राबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २००० च्या सुमारास 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते सुरू केलं. विचार साधा होता. मार खाल्लेली बाई पोलिसांत जात नाही, पण ओपीडीत येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीतही हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्या कुठे गाठ पडणार? दवाखान्यात.

बाई येते आणि म्हणते, "मोरीत पाय घसरला." नर्स बघते, तर जखम दंडाच्या आतल्या बाजूला आहे, बोटांच्या खुणा आहेत, आणि सोबत आलेला नवरा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देतोय. आमच्या सिस्टर नवऱ्याला केसपेपर काढायला दुसऱ्या खिडकीवर पाठवायच्या. तेवढ्या दहा मिनिटांत विचारायचं. त्याच इमारतीत, ड्रेसिंगच्या खोलीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमची खोली. बाईला सांगायचं, आज काही ठरवू नका. केसपेपरवर मारहाणीची नोंद करून ठेवू. उद्या-परवा, वर्षाने, कधीही लागली तर ती इथे असेल. कित्येकजणी खरंच वर्षाने यायच्या.

पोलिसांच्या बाजूने टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता, त्याचा पुढे राज्यभर विस्तार झाला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजसेविका. खाकीतून_निवृत्त काका म्हणतात ते 'कुणाचंच नसलेलं काम' तिथे कुणाचं तरी असतं.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत राहतो. इथे 'वायसर रिंग' नावाची संस्था १९७६ मध्ये माइन्झ शहरात सुरू झाली, आज देशभर तिचे स्वयंसेवक आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, माजी पोलीस. ११६ ००६ या क्रमांकावर फोन केला की आधी कुणीतरी ऐकून घेतं, मग तुमच्या भागातला स्वयंसेवक भेटतो. कोर्टात बरोबर येतो, वकिलाच्या पहिल्या सल्ल्याची सोय करतो. त्याच वर्षी हिंसाचारातल्या पीडितांना सरकारी भरपाईचा कायदाही झाला. जगात पहिली सरकारी योजना न्यूझीलंडची, १९६३ ची. २०१७ पासून इथे बालकांना आणि गंभीर गुन्ह्यांतल्या पीडितांना खटल्याच्या काळात प्रशिक्षित सोबती मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. रानजाई जे काम करतात त्याला इथे परीक्षा, पगार आणि पदनाम आहे.

इथेही अर्ज रखडतात, नाकारले जातात, लोक वैतागतात. सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही.

कोर्टाचीपायरी

ऱ्हाइनकाठ, आपल्याकडे पोक्सोमध्ये (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात) 'सहायक व्यक्ती'ची तरतूद आहे. बालकल्याण समिती नेमते, ती व्यक्ती खटला संपेपर्यंत मुलाबरोबर राहते. नेमणुका कमी होतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये पुन्हा सांगावं लागलं. २०२२ च्या स्मृती तुकाराम बडदे प्रकरणानंतर दुर्बल साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रं करण्याचं काम सुरू झालं. आमच्या जिल्ह्यात ती खोली झालीय. मुलं आरोपीला न बघता साक्ष देतात. रानजाईताईंच्या त्या बाकड्यावरच्या बाईंना मात्र अशी खोली सहसा मिळत नाही. निदान वेगळ्या बाकड्याची मागणी सरकारी वकिलामार्फत करून बघा, काही न्यायाधीश लगेच व्यवस्था करतात.

लोकलवाला

मी एक विचारू? ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत आमच्या गल्लीतले एकजण गेले. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय. निकाल आला त्या दिवशी चॅनेलवाले त्यांच्या बायकोच्या दारात माइक घेऊन उभे होते, "तुम्हाला काय वाटतं?" इतक्या वर्षांत एरवी कुणी विचारलं नव्हतं. न्यायालयाला पुरावे पुरेसे वाटले नाहीत, तर सोडणं बरोबरच. निरपराध माणूस आत राहिला तर त्याने आमच्या शेजाऱ्यांना न्याय मिळत नाही. पण मग त्या घराने आता काय समजायचं?

पूर्वा_नागपूर

लोकलवाला, याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं सांगते की संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या जाहीरनाम्यात एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे. गुन्हेगार ओळखला गेला, पकडला गेला किंवा दोषी ठरला की नाही, यावर पीडिताचं पीडित असणं अवलंबून नाही. आधार देताना आरोपीच्या निकालाची वाट बघायची नसते. आपल्या भरपाईच्या कलम ३९६ मागेही तोच विचार आहे. त्या बाईंकडे माइक नसलेलं कुणीतरी जायला हवं, आणि निकालाबद्दल काही विचारू नये.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काही जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं की आमच्या गावात असं घर आहे, आम्ही नेमकं काय करायचं. मी पाहिलेलं सांगते. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी रिकामं होतं. तेव्हा जा. तारखेच्या दिवशी कुणीतरी बरोबर गेलं तर फार फरक पडतो, बोलायचीही गरज नसते, शेजारी बसायचं. डबा न्या, कारण कोर्टाच्या कँटीनमध्ये आरोपीचे लोक असतात. सगळे कागद (एफआयआर, पंचनाम्याची प्रत, पोस्टमॉर्टेम अहवाल, मृत्यूदाखला, रेशनकार्ड) एका फाइलला लावून द्या आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा. लिहितावाचता येणाऱ्या माणसाने एका वहीत तारीख, कोण भेटलं, काय म्हणालं हे टिपून ठेवावं, तपासी अंमलदार बदलल्यावर तीच वही कामी येते. घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. मुलांना शाळेत कुणी चिडवतंय का ते बघा. आणि तडजोडीचा निरोप घेऊन त्या घरी जाऊ नका, कितीही मोठ्या माणसाने पाठवलं तरी.

मोटरसायकलचं कुणीतरी विचारलं होतं. अर्ज मंजूर झाला, गाडी मिळाली. टायर-ट्यूब आणि बॅटरी गावातल्या गॅरेजवाल्याने उधारीवर घालून दिली. भरपाईचा अर्जही प्राधिकरणात दाखल झालाय, अजून निर्णय नाही.

तळेगावकर

समरीची नोटीस आली. खाकीतून_निवृत्त साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कोर्टात लेखी दिलं की समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्याचं फुटेज तपासलेलं दिसत नाही. पोलीस ठाण्यातही तोच अर्ज देऊन पोच घेतली. एक प्रश्न राहिला. आईच्या पाटल्यांची पावती नाही, तिच्या आईकडून आलेल्या होत्या. उद्या माल सापडलाच तर ओळख कशी पटवायची?

खाकीतून_निवृत्त

लग्नाचे, मुंजीचे जुने फोटो काढा, ज्यात आईच्या हातात त्या स्पष्ट दिसतात. सोनाराकडे कधी पॉलिशला, वाढवायला दिल्या असतील तर त्याचा जबाब चालतो. आतल्या बाजूला अक्षरं, शिक्का, डाग काही असेल ते आईला आठवेल तसं आत्ताच लिहून अर्जाला जोडा. मुद्देमाल सापडल्यावर फार दिवस पडून राहू नये, त्याचे फोटो आणि वर्णन करून तो मालकाला परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलंय. आता तर आमचे लोक मुद्देमाल वाटपाचे कार्यक्रमही घेतात. फोटोंच्या प्रती दोन काढा, एक स्वतःकडे ठेवा.